धूर कुठला, आवाज कुठला? जुन्या गाडीच्या इंजिनाची प्रश्नोत्तरं

ह्या वेळची पत्रं जवळपास सगळीच इंजिनाच्या आतल्या कामाची आहेत. दरवर्षी असंच होतं, पावसाळाभर गाडी चिखलातनं मारायची आणि दसऱ्याला हार घालायच्या आधी धुवायला घेतली की लक्षात येतं, अरे सायलेन्सर काळा-ओला कशाने झालाय. सहा पत्रं निवडलीत, पहिल्या दोघांना जरा जास्त जागा दिली कारण त्यांचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

प्रश्न: वडिलांची २००४ ची स्प्लेंडर मी वापरते, रोजचं येणं-जाणं पन्नासेक किलोमीटर. वर्षभरापासून महिन्याला पाव लिटर ऑईल कमी होतं आणि निळा धूर मारते. एक मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन, नऊ हजार. दुसरा म्हणतो नुसत्या रिंगा टाकू. तिसरा म्हणाला ऑईल घालत रहा, ओढेल तेवढी ओढेल. मीटर कधीच बंद पडलाय त्यामुळे किती फिरली ते माहीत नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, बार्शी

ताई, तिघांनी निकाल दिला पण धूर *कधी* येतो हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. तुम्हीच आठवडाभर लक्ष ठेवा. सकाळी पहिल्या किकला भसकन निळा धूर येतो आणि दोन मिनिटात कमी होतो का? किंवा उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आलात आणि खाली येऊन परत पीळ दिला की मागे ढग निघतो का? असं असेल तर ऑईल वरून, हेडमधून (सिलेंडरचं वरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात) येतंय, म्हणजे व्हॉल्व्हचे सील कडक झालेत नाहीतर गाईड झिजलंय. सील म्हणजे इवलीशी, टोपीसारखी रबरी वस्तू हो, वीस वर्षात उष्णतेने प्लास्टिकसारखी टणक होते, दाबली तर दबत नाही. पण चढावर, डबलसीट, गाडी ओढत असताना सतत धूर येत असेल, पिकअप गेला असेल आणि किक हाताने मारता येईल इतकी हलकी लागत असेल तर मग रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलेंडर).

खात्री करायची तर दोन साधे उपाय. पहिला, कॉम्प्रेशन गेज असलेला मेकॅनिक गाठा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सात-आठ किक मारायच्या, आकडा लिहायचा, मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑईल आत सोडून परत मारायच्या. आकडा चांगलाच वर चढला तर रिंगांमधून दम, म्हणजे आतला दाब, जातोय, कारण ऑईलने ती फट तात्पुरती भरली. आकडा होता तिथेच राहिला तर दम व्हॉल्व्हमधून जातोय. एक मात्र आहे, सील खराब असेल पण व्हॉल्व्ह नीट बसत असतील तर दोन्ही वेळेला आकडा उत्तमच येईल, म्हणून धूर कधी येतो ते आधी बघायला सांगितलं.

दुसरा उपाय माझा आवडता कारण त्याला लागतं काय, तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणि प्लगच्या आट्याचा एक नोझल, जो कुठलाही लेथवाला जुन्या प्लगपासून करून देतो. गाडी न्यूट्रलला, पिस्टन बरोबर टॉपला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकला आणायचा, आणि हळूहळू हवा सोडायची. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरच्या तोंडातून आला तर इनलेट, आणि ऑईलच्या झाकणाच्या भोकातून फुंकर आली तर रिंगा. थोडीशी फुंकर चांगल्या इंजिनालाही येते त्यामुळे घाबरू नका, हातरुमाल धरला तर फडफडला पाहिजे इतकी असेल तर काम आहे. पिस्टन अगदी टॉपला नसेल तर हवेने क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) फिरतो, किकजवळ पाय ठेवू नका.

आता पैशाचं. फुल इंजिन म्हणजे इंजिन चासीवरून उतरवून क्रँक, गिअर, बेरिंगसकट सगळं खोलणं. धुरासाठी त्याची गरज नसते. स्प्लेंडरचा सिलेंडर पुढच्या बाजूला जवळजवळ आडवा झोपलेला आहे त्यामुळे हेड आणि ब्लॉक गाडीवरच निघतात, ह्यालाच हाफ इंजिन म्हणतात. क्रँकला हात कधी लावायचा, तर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवला आणि खट् लागला तर. आडवा, बाजूला बाजूला थोडा हलतो तो हलणारच, तो दोष नाही, आणि हेच आडवं हलवून दाखवून गिऱ्हाईकाला घाबरवणारे मी कितीतरी बघितलेत.

"नुसत्या रिंगा" बद्दल. ब्लॉक खोलल्यावर तुम्ही स्वतः तिथे उभ्या रहा आणि बोटाचं नख सिलेंडरच्या आतून वर ओढा. वरच्या काठाच्या जरा खाली नख अडकलं, पायरीसारखं लागलं, तर तिथपर्यंत रिंग घासून घासून ब्लॉक खाल्लाय. अशा ब्लॉकमध्ये नव्या रिंगा म्हणजे लंबगोल डब्याला गोल झाकण, दोन महिने बरं वाटतं आणि परत धूर. तेव्हा बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं माप घ्यायला लावा. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ५० मिमी आहे (स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४९.५, म्हणून ती ९७.२ सीसी). पिस्टन आणि ब्लॉकमधली फट ०.१० मिमीच्या पुढे गेली असेल तर बोअरिंग करून, म्हणजे ब्लॉक आतून थोडा मोठा कोरून, ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा, नाहीतर सरळ नवा ब्लॉक-पिस्टनचा सेट. माप आत असेल तर मात्र रिंगा टाकून भागेल, पण त्यासाठी रिंग ब्लॉकमध्ये ठेवून पिस्टनने सरळ ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधला गॅप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचा. जुनी रिंग अर्धा मिमीच्या पुढे उघडलेली दिसली की तिचं संपलं, आणि नवी टाकताना आरशासारखा गुळगुळीत झालेला ब्लॉक होनिंग करून खरबरीत करून घ्यायचाच, त्या तिरक्या रेघांमध्येच ऑईल टिकतं आणि रिंग बसते.

हेड खोललंच आहे तर सील बदला, दोन सीलचे पैसे वडापावच्या हिशोबातले आहेत. व्हॉल्व्ह घासून झाले की हेड पोर्टचं तोंड वर करून धरून पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतायला सांगा. व्हॉल्व्हच्या कडेने झिरपलं तर परत घासा. आणि उजव्या बाजूचं कव्हर उघडून गोल फिरणारा ऑईल फिल्टर साफ करायला विसरू नका, ह्या गाडीला बदलायचा कागदी फिल्टर नाहीच, ऑईलमधली घाण त्या फिरत्या वाटीत जाऊन चिकटते, आणि वीस वर्षाच्या गाडीत तिथे डांबर निघतं, चमच्याने खरवडावं लागतं. कित्येक मेकॅनिकनी ते झाकण आयुष्यात उघडलेलं नसतं.

तिसऱ्याचा सल्ला, ऑईल घालत रहा, तो काम होईपर्यंत पाळा. ह्या गाडीत ऑईल असतंच लिटरच्या आसपास, त्यातलं पाव गेलं की व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर उपाशी. दर रविवारी मेन स्टँडवर लावून बघायचं, पट्टी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून घट्ट करून बघायचं नाही, नाहीतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

प्रश्न: माझ्याकडे १९९५ ची आरएक्स १०० आहे. आठ महिन्यात दोनदा सीज झाली, म्हणजे पिस्टन अडकून इंजिन जाम, दोन्ही वेळा सावंतवाडीवरून आंबोली घाट चढताना. दोनदा बोअरिंग झालं. ऑईल पंप चालू आहे, टाकीत टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल चांगल्या कंपनीचं. गरम झाली की आयडलिंग आपोआप वाढतं आणि सोडल्यावर उतरायला वेळ लागतो. प्लग पांढराफटक. लेथवाला म्हणतो पिस्टन खराब, पिस्टनवाला म्हणतो लेथवाला खराब.
— एक वाचक, आजरा

मित्रा, उत्तर तू स्वतःच पत्रात लिहिलंयस. आयडलिंग आपोआप वाढणं आणि प्लग पांढरा, ही दोन वाक्यं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा घेतला. गाडी कुठून तरी हवा चोरून ओढतीये. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त, आणि टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबरच ऑईल आत जातं, म्हणजे घाट चढताना ऐन कामाच्या वेळी पिस्टन गरमही होतोय आणि कोरडाही पडतोय. अशाने तिसऱ्यांदा बोअरिंग कर, चौथ्यांदा कर, सीज होणारच.

हवा कुठून जाते? कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधला रबरी जोड आधी बघ, वाकवून बघ, तडा वाकवल्याशिवाय दिसत नाही. रीड व्हॉल्व्हचं पॅकिंग, ब्लॉकच्या खालचं पॅकिंग. पण माझा जास्त संशय डाव्या बाजूच्या क्रँकच्या ऑईल सीलवर आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपच असतो, पिस्टन वर गेला की आत ओढतो, खाली आला की वर ढकलतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना सील आहेत. उजवं, क्लचच्या बाजूचं फुटलं तर गिअर ऑईल आत ओढलं जातं, गाव भरून पांढरा धूर होतो आणि गिअर ऑईल कमी होत जातं, त्यामुळे ते लगेच कळतं. डावं, मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं फुटलं तर तिथे ऑईल नाहीच, नुसती हवा, म्हणून धूर नाही, काही नाही, गाडी उलट जरा जास्तच खुशीत पळते आणि एक दिवस घाटात मागचं चाक लॉक.

मॅग्नेटो काढून बघ, पण पुलरनेच काढ, हातोडा मारून नाही, हातोड्याने क्रँक वाकतो आणि मग ते दुखणं वेगळंच. मॅग्नेटोच्या मागे सीलच्या आजूबाजूला तेलकट ओल दिसली तर आतला दम तिथूनच बाहेर येतोय आणि तिथूनच हवा आत जातीये. आणखी खात्री पाहिजे तर कार्बोरेटरच्या आणि सायलेन्सरच्या जागी रबरी बूच घट्ट बसवून काटा असलेल्या सायकल पंपाने पाच-सहा पीएसआय हवा भर, जास्त भरू नको, सीलच उलटं होईल. साबणाचं पाणी लाव. काटा धडाधड उतरला तर फुगे कुठे येतात ते दिसेलच.

जुने दोन पिस्टन फेकले नसशील तर खिडकीच्या उजेडात बघ. ओरखडे चारी कोपऱ्यात सारखे असतील तर लेथवाल्याने फट कमी ठेवली, लोखंडी स्लीव्हला साधारण दीड थाऊ म्हणजे ०.०४ मिमीच्या आसपास लागते. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम फरफटल्यासारखं दिसत असेल तर हवा आणि उष्णता. माझी पैज दुसऱ्यावर आहे, म्हणजे तुझा लेथवालाही सुटला आणि पिस्टनवालाही.

जाता जाता, घाट *उतरताना* पण जप. ह्या गाडीचा ऑईल पंप अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला आहे, पीळ सोडून सेकंड गिअरमध्ये सात-आठ किलोमीटर उतरलास तर इंजिन फिरतंय जोरात आणि ऑईल मिळतंय थेंबाथेंबाने. मधे मधे क्लच दाबून थोडा पीळ देत रहा. १९९६ ला बनायची बंद झालेली गाडी आज पोरं लाखाच्या वर मोजून घेतात आणि बारा रुपयाच्या पॅकिंगला नाक मुरडतात, हे काही मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न: कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं भारी सिंथेटिक ऑईल माझ्या जुन्या पल्सरमध्ये टाकलं. दोन दिवसांपासून इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. इंजिन गेलं का?
— एक वाचक, चिंचवड

इंजिनाला काही झालेलं नाही, क्लच घसरतोय. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारला तो गुण, क्लच प्लेटला तोच दोष. काढून टाका, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बाईकचं ऑईल भरा, शे-दोनशे किलोमीटर चालवून तेही एकदा बदला. बहुतेक वेळा क्लच परत पकडतो. नाही पकडला तर प्लेटा.

प्रश्न: सीडी १०० चं बोअरिंग करून नवा पिस्टन टाकला. कोणी म्हणतं हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नको, कोणी म्हणतं रात्रभर स्टँडवर चालू ठेव. खरं काय?
— एक वाचक, परभणी

रात्रभर चालू ठेवायचं ते अजिबात नको. उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि ओझं नसलेल्या इंजिनात रिंगांवर दाबही येत नाही, त्यामुळे त्या ब्लॉकला बसायच्या ऐवजी ब्लॉकच गुळगुळीत होतो आणि गाडी कायमची ऑईल पीत राहते. चाळीसचंही तसंच, वेग महत्त्वाचा नाही, एकाच वेगाने तासभर चालवणं वाईट. पहिले पाचशे किलोमीटर गावातल्या गावात, कमी-जास्त करत, डबलसीट आणि मोठा चढ टाळून, टॉप गिअरमध्ये कुंथवत न नेता चालवा. तीनशेला ऑईल बदला, त्यात चमचम दिसेल, नवा ब्लॉक घासला गेल्याची ती चमक आहे, दिसली म्हणून झोप उडवून घेऊ नका. इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट परत एकदा टॉर्क रेंचने बघून घ्या आणि टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फट.

अन् जोडणी करताना सिलिकॉन किती लावलं ते विचारा. मी पोऱ्या होतो तेव्हा पॅकिंगवर केकवर क्रीम लावावं तसं सिलिकॉन लावायचो, उस्तादही काही बोलायचा नाही. एक गाडी चारशे किलोमीटरमध्ये परत आली, कॅमचा टोकेरी भाग घासून बोथट झालेला. खोललं तर हेडकडे ऑईल नेणाऱ्या भोकात मुगाच्या दाण्याएवढी सिलिकॉनची गोळी अडकलेली. अजून आठवलं की कान गरम होतात. गिऱ्हाईकाला कॅम स्वखर्चाने दिला, तीन महिन्याच्या पगारातनं कापून.

प्रश्न: काकांची जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० आठ वर्ष वाड्यात उभी होती, आता मला दिलीये. किक हलतच नाही. मित्र म्हणतात चौघांनी ढकलून गिअर टाकू म्हणजे सुटेल.
— एक वाचक, नाशिक

मित्रांना चहा पाजून घरी पाठवा. ९० मिमीचा लांब स्ट्रोक आहे, चिकटलेला पिस्टन झटक्याने सोडवायला गेलात तर रिंग मोडेल, किंवा गंजलेला व्हॉल्व्ह अडकून पुशरॉड वाकेल. प्लग काढा, आत डिझेल आणि इंजिन ऑईल अर्धं-अर्धं मिसळून कपभर ओता, चार-पाच दिवस विसरून जा, मधे एकदा परत थोडं ओता. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हळूच हलवा, केसभर हललं तरी पुरे, परत ओता, परत थांबा. आठवड्याभरात सुटली नाही तर हेड उतरवूनच बघायचं. टॉर्चने प्लगच्या भोकातून भिंतीवर लाल गंज दिसला तर हे सगळं न करता सरळ हेडच उतरवा.

सुटली म्हणून लगेच किक मारून चालू करू नका. ह्या गाडीत ऑईलचा कप्पा इंजिनातच आहे आणि वर्षानुवर्ष उभी राहिली की ते झिरपून क्रँककडे जमा होतं. सगळे ड्रेन बोल्ट काढून जुनं काढा, जाळी आणि फिल्टर साफ करा, नवं भरा. रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीचा वरचा बोल्ट सैल करून, प्लग काढलेल्या अवस्थेत किक मारत रहा, नळीशी ऑईलचा थेंब आला की समजा ऑईल देणारा आणि परत ओढणारा, दोन्ही पंप जिवंत आहेत. माझ्या अनुभवात चाळीस-पन्नास किकाही लागतात, नातेवाईकांना वाटून घ्या. टॅपेटसाठी फिलर गेज शोधत बसू नका, इंजिन गार असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र खुटखुटला नाही पाहिजे, झालं.

प्रश्न: चालू गाडीत चेन तुटली आणि पुढच्या स्प्रॉकेटजवळ इंजिनाचा तुकडाच उडाला. मेकॅनिक भंगारातलं क्रँककेस आणून देतो म्हणतोय.
— एक वाचक, मालवण

घेऊ नका, निदान आधी नको. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदला, हेड बदला, कोणी विचारणार नाही, पण क्रँककेस बदललं की आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळा. आरटीओत जाऊन नोंद करावी लागते, आणि भंगारातल्या क्रँककेसचं मूळ बिल नसेल तर तो कोणाच्या गाडीचा नंबर आहे ते तुम्हालाच निस्तरावं लागेल. पंधरा वर्षांची गाडी असेल तर पासिंगलाही तिथेच अडकेल.

तुकडा सापडला असेल तर तो फेकू नका. आर्गॉन वेल्डिंगने अ‍ॅल्युमिनियम छान जोडलं जातं, फक्त आधी सगळं ऑईल काढून, आत-बाहेर पेट्रोलने धुवून, कोरडं करून, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर द्या. बेरिंगची बैठक किंवा गिअर शाफ्टचं भोक तडकलं असेल तर मात्र जोडून उपयोग नाही, ते आधी बघून घ्या. नवी चेन टाकताना दोन्ही स्प्रॉकेट बरोबरच बदला, आणि लॉकची पत्ती बसवताना तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा. मला वाटतं तुमची तुटली नसावी, पत्ती उलटी असल्याने निसटली असावी.